रग्बीत अंगापेक्षा घाई नडते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबरात ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आपल्या पुरवणीत प्रेशर कुकर इथून न्यावा की तिकडे घ्यावा, यावर सविस्तर मजकूर आला. खेळांबद्दल मात्र त्यात एकच वाक्य होते : रग्बीसारख्या धोक्याच्या खेळांपासून लांब राहावे. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. आम्ही तिघे तिथल्या विद्यापीठांच्या रग्बीत प्रशिक्षक, पंच आणि प्रथमोपचारक म्हणून उभे असतो. ‘लांब राहा’ म्हणणे सोपे आहे. पण फ्रेशर्स फेअरमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांसाठी क्लबांची टेबले मांडलेल्या मेळाव्यात, टेबलामागचे कोणीतरी हातात अंडाकृती चेंडू ठेवते आणि आपली मुले नाव नोंदवून मोकळी होतात. पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आमच्या पाहण्यात नवखा जायबंदी होतो तो अंगाने लहान असतो म्हणून नव्हे. पडायला आणि टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायला, शिकण्याआधीच त्याला सामन्यात उतरवलेले असते, नाहीतर तो स्वतःच हट्टाने उतरलेला असतो.

आधी व्यवस्था कशी चालते ते पाहू. आंतरविद्यापीठ सामने ‘ब्रिटिश युनिव्हर्सिटीज अँड कॉलेजेस स्पोर्ट’, म्हणजे सगळे ज्याला ‘बक्स’ म्हणतात, ती संस्था भरवते. सामने बुधवारी दुपारी होतात, आणि त्यासाठीच बऱ्याच विद्यापीठांत बुधवारी दुपारनंतर तास ठेवत नाहीत. हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन मार्चमध्ये आटोपतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही खेळता येते, आणि हंगाम मार्चमध्येच संपत असल्याने एका वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्यांचा प्रबंधाचा उन्हाळा मोकळाच राहतो. अडचण येते ती अर्धवेळ नोकरीची. दुकानातली बुधवारची शिफ्ट एकदा स्वीकारली की वर्षभर ती सुटत नाही, म्हणून वेळापत्रक ठरवतानाच बुधवार मोकळा ठेवावा. मोठ्या विद्यापीठात पुरुषांचे चार-पाच संघ असतात आणि नवख्याचा संबंध तळाच्या दोन संघांशी येतो. मुलींकडे चित्र वेगळे आहे. तिथे विद्यापीठात येईपर्यंत चेंडूला हातही न लावलेल्या मुली भरपूर असतात, त्यामुळे सगळ्या एकाच पायरीवरून सुरुवात करतात. २०२५ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनच्या ट्विकनहॅमवर ८१,८८५ प्रेक्षकांनी पाहिला. मुलींनी या खेळाकडे वळायला याहून चांगला काळ आलेला नाही.

‘हा आपला खेळ नव्हे’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी झुंजतात त्याचे नाव कलकत्ता चषक. कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या खात्यातले २७० चांदीचे रुपये वितळवून १८७८ साली तो घडवला. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आणि मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर भर पावसात रग्बी चालते, हे आझाद मैदानाकडून जाणाऱ्या कोणालाही दिसते.

आता क्लब कसा पारखायचा. टेबलापाशी उभे असताना वर्गणी किती हे सगळेच विचारतात. त्याआधी विचारावे की नवख्यांचा सराव वेगळा होतो का, तो घेणारा प्रशिक्षक पात्रता घेतलेला आहे की तिसऱ्या वर्षाचा एखादा खेळाडू, आणि सरावाला प्रथमोपचारक हजर असतो का. ‘बुधवारी ये, लगेच खेळवतो’ असे उत्तर आले तर ते आपल्या भल्यासाठी दिलेले नाही. त्यांना संघातल्या पंधरा जणांचा आकडा भरायचा आहे. बहुतेक क्लब सुरुवातीला एक-दोन सराव फुकट देतात. ते करून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि पैसे एका ठिकाणी भरून भागत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे सभासदत्व वेगळे, क्लबची वर्गणी वेगळी, आणि छातीवर क्लबचे चिन्ह असलेले कपडे, ज्याला तिथे ‘स्टॅश’ म्हणतात, त्याचे आणखी वेगळे. सभासदत्व आणि वर्गणी मिळून बऱ्याच ठिकाणी शंभर पौंडांच्या वर जातात. स्टॅश पहिल्या वर्षी घेतला नाही तरी कोणाचे काही अडत नाही.

खर्च करायचा तर तो दोन वस्तूंवर, बूट आणि माउथगार्ड. फुटबॉलचे, तळाला साच्यातले पक्के खुंट (स्टड) असलेले बूट घरात असतील तर कृत्रिम गवतावरच्या सरावाला ते चालतात. तिथे धातूचे स्टड घालून अनेकदा आत सोडतही नाहीत. पण नोव्हेंबरातल्या चिखलात त्याच बुटांनी पाय घसरतो, आणि टॅकलच्या क्षणी पाय घसरला की डोके खाली जाते. तेव्हा दुसरा जोड मऊ मैदानाचा, स्क्रूने बसणाऱ्या स्टडचा घ्यावा. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले, खेळाडू साधारण आठ स्टडचे बूट वापरतात, मागच्या फळीतले सहा. स्टडची लांबी २१ मिलिमीटरहून जास्त चालत नाही आणि झिजून धार आलेला स्टड पंच सामन्याआधी बदलायला लावतात. स्टडची किल्ली पिशवीत ठेवावी, कारण ती नेमकी कोणाकडेच नसते.

माउथगार्ड उकळून बसवायचा असतो, आणि निम्मे लोक तिथेच चुकतात. पाणी उकळले की गॅस बंद करून थोडे थांबायचे. मग पाकिटावर दिलेल्या वेळेइतकाच तो पाण्यात बुडवायचा, एक सेकंदही जास्त नाही. जास्त वेळ ठेवला तर तो लोळागोळा होतो आणि चावल्यावर दातांच्या खाली नुसता पापुद्रा उरतो. बाहेर काढून क्षणभर थंड पाणी दाखवायचे, आरशासमोर वरच्या दातांवर मधोमध बसवायचा, दात हलके मिटायचे आणि हवा जोरात आत ओढून घ्यायची. त्याच वेळी गालांवरून बोटांनी बाहेरची कड हिरड्यांवर दाबायची. शेवटी थंड पाण्यात घट्ट होऊ द्यायचा. तोंड उघडल्यावर तो आपोआप खाली पडला तर बसलेला नाही, पुन्हा करावा. सैल माउथगार्ड खेळाडू चघळत बसतो, मग कमरेच्या पट्टीत खोचतो, आणि दात पडतो तो नेमका त्या वेळी. दातांचा इलाज तिथे सरकारी सेवेतही सहसा फुकट होत नाही. डोक्याला बांधायची मऊ टोपी, ‘स्क्रम कॅप’, कान आणि खरचटणे वाचवते. मेंदूला बसणारा हादरा तिने थांबत नाही, तेव्हा ती घातली म्हणून डोके पुढे करू नये.

चष्मा लावणाऱ्यांनी रोज बदलायच्या कॉन्टॅक्ट लेन्स घ्याव्यात आणि एक जोडी जास्तीची मैदानावर न्यावी. मान्यता मिळालेले रग्बी गॉगल चालतात, साधा चष्मा नाही. अंगठी, कडे, कानातले, नथ, गळ्यातली साखळी सगळे उतरवावे लागते. वरून चिकटपट्टी लावून काम भागत नाही. काही मुलांना हातातला दोरा काढणे जिवावर येते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पंचांना आधी विचारावे, सामना थांबवून नव्हे.

टॅकलविषयी आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत. संपादकांना कात्री चालवायचीच असेल तर ती इतरत्र चालवावी.

इंग्लंडच्या हौशी रग्बीत २०२३-२४ च्या हंगामापासून टॅकलची उंची खाली आणली आहे. छातीच्या मधल्या हाडाचे जे खालचे टोक, त्याच्या खालीच पकडायचे. यूट्यूबवर व्यावसायिक खेळाडूंचे टॅकल पाहून आलेला मुलगा छातीवर जातो आणि पहिल्याच सामन्यात पेनल्टी देतो. कबड्डी आणि कुस्ती खेळून गेलेल्या आपल्या मुलांना खाली वाकायची भीती नसते, ही त्यांची जमेची बाजू. दुहेरी पट काढणारा मुलगा पायांवरचे टॅकल इतरांहून लवकर उचलतो. पण त्याच सवयींतल्या तीन गोष्टी रग्बीत अंगाशी येतात. कबड्डीत चढाईपटूला नुसत्या खांद्याने धडक मारून रेषेबाहेर घालवता येते. इथे हातांचा विळखा न घालता दिलेली धडक म्हणजे फाउल, आणि ती वर लागली तर थेट कार्ड. कबड्डीत उचलून आपटलेल्या चढाईपटूला टाळ्या पडतात. इथे उचललेल्या खेळाडूचे डोके किंवा खांदे आधी जमिनीला लागले तर लाल कार्डाची तयारी ठेवावी. तिसरी गोष्ट सर्वांत घातक आहे. एकेरी पटाला किंवा घोटा धरायला जाताना आपला मुलगा डोके समोरच्याच्या वाटेत, त्याच्या पायांपुढे घालतो. मॅटवर ते खपते, कारण समोरचा जवळजवळ उभा असतो. रग्बीत तो पूर्ण वेगात येत असतो आणि त्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो.

म्हणून क्रम पक्का असावा. समोरून पळत येणाऱ्याच्या छातीकडे पाहू नये, त्याच्या चड्डीकडे पाहावे. खांद्यांनी तो हुलकावणी देईल, कमरेने देता येत नाही. शेवटच्या दोन-तीन मीटरवर पावले आखूड करावीत. पाठ वाकवायची नाही, गुडघे आणि कंबर खाली घ्यायची. एक पाय त्याच्या पायांजवळ रोवायचा, आणि जो पाय पुढे त्याच बाजूचा खांदा लावायचा. हनुवटी छातीपासून वर, डोळे उघडे. डोके त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला, म्हणजे आपला गाल त्याच्या नितंबाला टेकेल असे. दोन्ही हात मांड्यांभोवती घालून आवळायचे आणि पाय चालवत राहायचे. तो पडला की लगेच सोडून बाजूला लोळायचे, नाहीतर तिथेही पेनल्टी.

हे बिघडते कुठे? नवखा लांबूनच सूर मारतो. पाय जवळ गेलेले नसले की अंग लांबते, हात ताणले जातात, आणि समोरच्याचे सगळे वजन एका हातावर येऊन खांदा निखळतो किंवा बोट जर्सीत अडकून मुरडते. भीतीने डोळे मिटले की हनुवटी आपोआप छातीला टेकते आणि मग डोके कुठे आहे ते कळत नाही. ही भीती ओरडून जात नाही. ती पायऱ्यांनी जाते : आधी दोघेही गुडघ्यांवर, मग टॅकल करणारा गुडघ्यांवर आणि समोरचा चालत, मग दोघे चालत, मग हलक्या धावेवर, आणि शेवटी वेगात. मधल्या काळात गादीच्या ढाली आणि उशा. डाव्या खांद्याचा सरावही उजव्याइतकाच करावा. सामन्यात समोरचा आपल्या सोयीच्या बाजूने येत नाही, आणि कच्च्या खांद्याने जाताना बहुतेकांचे डोके चुकीच्या बाजूला पडते. आठवड्यातून दोन सराव धरले तर या पायऱ्यांना पाच-सहा आठवडे लागतात. जो क्लब हे एका संध्याकाळी उरकतो तिथून निघून यावे.

पडायलाही शिकावे लागते. आपल्याला टॅकल झाला की हात जमिनीकडे जातो, तो माणसाचा स्वभावच आहे, आणि मनगट किंवा गळपट्टीचे हाड मोडते ते त्यानेच. चेंडू दोन्ही हातांत छातीशी धरून ठेवला की हात मोकळाच राहत नाही. गुडघ्याची बाजू, मग कुल्ला, मग खांदा या क्रमाने जमिनीवर यायचे, आपल्या संघाकडे तोंड वळवायचे आणि हात लांबवून चेंडू त्यांच्या बाजूला ठेवायचा. चेंडू सोडायचाच, पडल्यावर तो कवटाळून बसणे हा गुन्हा आहे. इथून जाणाऱ्यांनी पावसाळ्यात भिजलेल्या गवताच्या मैदानावर, गुडघ्यांवरून, हाच क्रम रोज दहा मिनिटे केला तरी पुष्कळ झाले. विमानात बसण्याआधी जिममध्ये जाऊन दंड फुगवण्यापेक्षा मान, पाठ आणि मांड्यांच्या मागचे स्नायू यांकडे पाहावे. इंग्लंडच्या रग्बी महासंघाने बाथ विद्यापीठासोबत ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा सरावापूर्वीचा व्यायामक्रम तयार केला आहे. तो इंटरनेटवर फुकट मिळतो आणि त्यात मानेचे व्यायामही आहेत.

चेंडू मागेच द्यायचा, हे सगळ्यांना ऐकून माहीत असते. अंगी भिनायला वेळ लागतो. नवखा चेंडूवाल्याच्या बरोबरीने पळतो आणि अर्ध्या सेकंदात त्याच्या पुढे निघून जातो, मग त्याच्याकडे चेंडू येऊच शकत नाही. चार-पाच मीटर मागे राहून वेगात यावे, हात आधीच पास देणाऱ्याकडे पुढे केलेले असावेत. सुरुवातीला साधा, न फिरणारा, लहान पास शिकावा. गिरक्या घेत जाणाऱ्या लांब पासचा नाद सगळ्यांना असतो आणि तो थंडीत गारठलेल्या बोटांतून हमखास निसटतो. उंच चेंडू झेलायला क्रिकेट खेळलेली मुले पटकन तयार होतात. फक्त क्रिकेटमध्ये आपण चेंडूला तोंड करून उभे राहतो. इथे अंग किंचित आडवे ठेवावे, म्हणजे झेल सुटला तरी चेंडू मागे पडतो. पुढे पडला की तो ‘नॉक-ऑन’ हा दोष, आणि स्क्रम (पुढच्या फळ्यांची वाकून होणारी रेटारेटी) समोरच्यांचा. पडलेल्या खेळाडूंभोवती ‘रक’, म्हणजे चेंडूसाठी उभ्यानेच एकमेकांना रेटणारा घोळका, तयार झाला की शेवटच्या पायाच्या मागून आत जायचे, बाजूने घुसायचे नाही आणि चेंडूला हात लावायचा नाही. एवढे पाळले तरी नवख्याच्या निम्म्या पेनल्ट्या टळतात.

जागा कोणती घ्यावी? चपळ मुलाला बहुधा विंगवर, ११ किंवा १४ नंबरला उभे करतात आणि ते बरोबरच आहे. तिथे विचार करायला वेळ मिळतो. टॅकलची गोडी लागलेल्याला पुढे फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेची जागा, जमते. वजनदार मुलांनी मात्र सावध राहावे. ‘तू दणकट आहेस, आज प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला कडेचा गडी) आला नाही, उभा राहा’ असे हमखास सांगितले जाते. नियमाप्रमाणे स्क्रमच्या पहिल्या रांगेत त्याचे प्रशिक्षण घेतलेलेच खेळाडू असावे लागतात. तसे नसतील तर पंच स्क्रम रेटारेटीशिवाय घेतात, सामना त्याने बंद पडत नाही. मानेवर दोन्ही बाजूंचे वजन येते ती जागा आहे ही. ‘मी शिकलेलो नाही’ हे कप्तानालाही आणि पंचालाही स्पष्ट सांगावे. असे सांगणाऱ्यावर पंच कधी नाराज होत नाही.

डोक्याला मार लागल्यावर मात्र गप्प बसणे फार महागात पडते. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. गरगरणे, मळमळ, प्रकाश सहन न होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, एकदम गप्प होणे, यातले काहीही दिसले की मैदान सोडायचे आणि त्या दिवशी परत उतरायचे नाही. पहिले २४ तास एकटे राहू नये, गाडी चालवू नये, दारू पिऊ नये, आणि त्या २४ तासांत ‘१११’ या आरोग्य क्रमांकावर बोलून घ्यावे. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होत राहिल्या, झोपेतून उठवता येईना किंवा हातापायातली ताकद गेली तर ‘९९९’ हा आणीबाणीचा क्रमांक. पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाइल-लॅपटॉपचा पडदा कमी, मग हळूहळू चालणे, अभ्यास, व्यायाम. हौशी खेळांसाठी २०२३ साली निघालेल्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २१ दिवसांच्या आत सामना खेळता येत नाही, आणि तोही लक्षणे पूर्ण गेलेली असली तरच. आपली मुले पुढचा सामना हुकू नये म्हणून आणि घरी कळू नये म्हणून लपवतात. पालकांनी ‘आता पुरे, सोड’ असा धोशा लावला तर ती आणखी लपवतील.

विम्याचे थोडक्यात. व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे हाड मोडले तर सरकारी रुग्णालयात उपचार होतात. पोचल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी सेवेच्या डॉक्टरकडे, नाव मात्र नोंदवावे. फिजिओथेरपीसाठी वाट पाहावी लागते. इथून घेतलेल्या प्रवास विम्यात अंगाला भिडणारे खेळ बरेचदा वगळलेले असतात, बारीक अक्षरे वाचावीत. क्लबचा विमा कोणत्या इजेसाठी किती देतो, तेही लेखी मागावे. आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत : विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. विद्यापीठाकडून हौसेने खेळायला हरकत नाही, पण गावातल्या क्लबाने सामन्याचे पैसे किंवा मुलांना शिकवण्याचे मानधन देऊ केले तर घेऊ नये.

दारूचा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात. बुधवारी रात्री संघ एकत्र बाहेर पडतो, हे खरे. नव्यांना बळजबरीने पाजण्याचे ‘इनिशिएशन’ विद्यापीठांनी बंद केले आहे, तरी ते आडवाटेने चालते. २०१६ साली इंग्लंडमध्ये अशाच एका समारंभात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. ते मंडळ रग्बीचे नव्हते, पण पद्धत तीच. २०१४ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थी संघटनेने स्त्रियांबद्दल अश्लाघ्य मजकुराचे पत्रक वाटल्याबद्दल आपला पुरुषांचा रग्बी क्लबच त्या वर्षापुरता बरखास्त केला होता. म्हणजे तक्रार केली तर कारवाई होते. न पिणारे खेळाडू प्रत्येक संघात असतात. लिंबू-सोडा घेऊन बसता येते, जेवण शाकाहारी हवे असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागते. एवढ्यावरून ज्या संघात टिंगल होते तिथे सरावही असाच चालत असणार.

पहिल्या सामन्याला यादीत नाव लागले की पिशवी आदल्या रात्रीच भरावी. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा कोरडे मोजे आणि उबदार जाकीट आधी. सुती बनियन आत घालू नये, ते भिजून गार पडते. टॉवेल आणि पाण्याची बाटली स्वतःची असावी, कारण स्क्रममध्ये चेहऱ्याला चेहरा घासून होणारे त्वचेचे संसर्ग असेच पसरतात. नखे कापलेली असावीत. राखीव म्हणून बसलेल्याने पहिला अर्धा तास आपल्या जागेच्या खेळाडूवर नजर ठेवावी, चेंडूवर नव्हे. आणि दुसऱ्या अर्ध्यात शेवटची पंधरा मिनिटे मिळाली तर ती घ्यावीत; थकलेल्या मैदानावर नवख्याला खेळ वाचायला जास्त सोपे जाते.

आपले,
तीन मराठी वाचक, मुक्काम इंग्लंड